वाडीच्या विहिरीचे पाणी: एचटूएस कुपी की प्रयोगशाळा?
एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) कुपीत, म्हणजे पाण्यातील जिवाणू तपासण्याच्या छोट्या बाटलीत, भरलेले पाणी 24 ते 48 तासांत काळे पडल्यास विष्ठाजन्य दूषिततेची शंका घ्यावी. हा निकाल वाडीतच मिळतो, म्हणून पावसाळ्यात, जांभ्या दगडाच्या भेगांतून शोषखड्ड्यातले पाणी विहिरीत झिरपू शकते तेव्हा, मला कुपीच अधिक उपयोगी वाटते. मात्र ती जिवाणूंची संख्या सांगत नाही, आणि वेंगुर्ल्यासारख्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात वाढणाऱ्या खारटपणाबद्दल तर काहीच सांगत नाही. तेथे प्रयोगशाळाच हवी: खारटपणा दाखवणाऱ्या क्लोराइडची पिण्याच्या पाण्यातील स्वीकार्य मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. जिवाणू तपासणीचा नमुना जलसुरक्षकाने (गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्याने) बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा (दूरच्या वाडीहून हे सोपे नसते). कुपी काळी पडल्यास अहवालाची वाट न पाहता ग्रामपंचायतीच्या फलकावर तसे लिहावे, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकावे आणि तोवर पाणी उकळून प्यावे.