वीज मीटरच्या टर्मिनलचा (वायर जोडायच्या जागेचा) तुटलेला स्क्रू: एक्स्ट्रॅक्टर की उलटा ड्रिल बिट?
आधी हे वाचा, मेन स्विच बंद केला तरी मीटरच्या इनकमिंग टर्मिनलला करंट असतोच, म्हणून वीज कंपनीच्या माणसाने सील काढून सप्लाय तोडल्याशिवाय आणि मल्टीमीटरने चेक केल्याशिवाय हात लावूच नका, प्लीज.

एक्स्ट्रॅक्टर (तुटलेल्या स्क्रूत भोक पाडून त्यात रुतवून उलटं फिरवायचं अवजार) पकडतो छान, पण कडक आणि ठिसूळ, बारीक स्क्रूत तुटला की मग साधा ड्रिलही त्यावर चालत नाही, शिवाय निमुळता असल्याने स्क्रू आतून फुगून अजूनच घट्ट बसतो. मला उलटा बिटच (ड्रिल उलटं फिरवून भोक पाडणारा) बरा वाटतो, भोक पाडता पाडताच तुकडा बऱ्याचदा फिरत बाहेर येतो. फक्त स्पीड कमी ठेवा, टर्मिनलचं पितळ मऊ असतं, आटे गेले की वायर सैल बसते आणि तापते. धातूचा कीस मात्र पूर्ण काढा.