पायाच्या नखाची बुरशी: थांबावं, लेप लावावा की गोळ्या घ्याव्यात?

अंगठ्याचं नख पिवळट, जाड झालं, कापताना त्याचा भुगा पडू लागला, की प्रश्न पडतो: एवढ्यासाठी डॉक्टरकडे जायचं? आमच्या घरात एकाच पावसाळ्यानंतर दोघांची नखं अशी झाली, माझं आणि काकांचं. काकांना मधुमेह आहे. नखं सारखी दिसत होती, पण निर्णय वेगवेगळे झाले आणि तेच योग्य होतं.

थांबायचं असेल, तर ते माझ्यासारख्याच्या बाबतीत चालतं. एकच नख, तेही टोकाशीच बिघडलेलं, दुखणं नाही, इतर आजार नाही. जिवाला धोका नसतो. मात्र ही बुरशी सहसा आपोआप जात नाही. ती शेजारच्या नखांत, बोटांच्या बेचक्यात सरकते, घरातल्यांनाही लागू शकते आणि नखाच्या मुळापाशी पोचली की उपचार लांबतो. काकांना थांबायची मुभाच नव्हती. मधुमेहात पाय बधिर असला तर जाड नख टोचतंय हे कळतच नाही. बारीक जखम होते, त्यातून जंतू शिरतात आणि पाय सुजून लाल होतो. ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठा कमी आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दबली आहे, त्यांनीही लगेच दाखवावं.

लेप की गोळ्या, हे ठरवण्याआधी नखाचा कीस प्रयोगशाळेत तपासून घ्या, असा माझा आग्रह आहे. असं बिघडलेलं दिसणाऱ्या नखांपैकी जवळपास निम्म्यांत बुरशी नसतेच. सोरायसिस हा त्वचेचा आजार असतो, किंवा घट्ट बुटाचा मार. तपासणीविना महिनोन्महिने औषध घेणं म्हणजे पैसा आणि यकृत दोन्ही पणाला लावणं. आणि नखात काळी-तपकिरी रेघ नव्याने उमटली असेल, तर बुरशी समजून वाट पाहू नका. क्वचित तो कर्करोग असतो.

लेप, उदाहरणार्थ ५ टक्के अमोरोल्फीन, नख घासून आठवड्यातून एक-दोनदा लावायचा. शरीरात तो जवळजवळ जात नाही, म्हणून सुरक्षित. पण थोडी नखं आणि मूळ शाबूत असेल तरच तो पुरतो, आणि चिकाटी वर्षभर हवी. टर्बिनाफीनच्या गोळ्या जास्त गुणकारी: २५० मिलिग्रॅम, रोज एक, साधारण १२ आठवडे. त्याआधी यकृताची रक्ततपासणी करतात, आणि यकृताचा आजार किंवा गरोदरपण असेल तर त्या टाळतात. दुसरी गोळी, इट्राकोनाझोल, हृदय कमजोर असलेल्यांना देत नाहीत. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही तिचं जमत नाही. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या.

मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमने खाज थांबते, बुरशी पसरते. बोटांमधल्या चिखल्या तशाच ठेवल्या, तर बरं झालेलं नख पुन्हा बिघडतं.

गोळ्या संपल्या तरी नख जुनंच दिसतं, आणि काकांनी तिथे हिंमत सोडली होती. अंगठ्याचं नवं नख यायला १२ ते १८ महिने लागतात. डॉक्टरांनी चांगल्या नखाच्या सीमेवर एक बारीक खाच पाडून दिली. आता दर महिन्याला ती खाच दीड मिलिमीटर पुढे सरकते, आणि काका ती मोजून मला सांगतात.