आठ महिने वापरलं: जहाज डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि त्यातला तो वेगाचा आकडा

हा रिव्ह्यू मी सहाव्या महिन्यात लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते. गेल्या महिन्यात अपडेट आलं आणि सगळं फिरलं.

हे सॉफ्टवेअर काय करतं ते थोडक्यात: युद्धनौकेचं वजन, तोफा, चिलखत आणि इंजिनाची ताकद टाकायची, मग ते वेग काढून देतं आणि जहाज स्थिर राहील की नाही ते सांगतं. फुकटच्या व्हर्जनमध्ये तीनच डिझाइन सेव्ह होतात, म्हणून 2,200 रुपये भरले. माझ्यासाठी ही रक्कम छोटी नाही, दोन महिने विचार करून भरली होती.

मला काय बनवायचं होतं तर 1928 सालची एक काल्पनिक इटालियन हलकी क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका. साधारण 5,000 टन, आठ 152 मिमीच्या तोफा आणि वेग 40 नॉट (ताशी सागरी मैल). फ्रेंचांनी तेव्हा मोठमोठ्या डिस्ट्रॉयर (क्रूझरहून छोट्या युद्धनौका) बांधायला घेतल्या होत्या, त्यांना गाठणारं काहीतरी इटलीला हवं होतं, आणि त्यातूनच खऱ्या जुस्सानो क्लासच्या, म्हणजे एकाच आराखड्याच्या, चार क्रूझर निघाल्या. त्यांचा डिझाइन वेग होता 36.5 नॉट, ताकद 95,000 हॉर्सपॉवर. मी म्हटलं अजून साडेतीन नॉट तर वाढवायचेत, किती लागेल? पण ताकद वेगाच्या घनात वाढते, म्हणजे कमीत कमी सव्वा लाख हॉर्सपॉवर झाली, आणि एवढ्या वेगाला लाटेचा विरोध अजून चढतो तो वेगळाच. मग बॉयलर वाढले, बॉयलर वाढले म्हणून लांबी वाढली, लांबी वाढली म्हणून सांगाड्याचं वजन वाढलं, आणि चिलखताला उरलं काय तर जवळपास काहीच नाही.

पहिले दोन महिने मला वाटायचं सॉफ्टवेअरच कंजूष आहे. खात्री करायला एक ओळखीचं जहाज टाकून बघितलं, आपली जुनी आयएनएस दिल्ली. म्हणजे मूळची ब्रिटिश लिअँडर क्लासची क्रूझर अकिलीस, 1948 मध्ये आपल्याकडे आली, 1961 ला दीवच्या कारवाईत होती. सात हजार टनांच्या आसपास, 72,000 हॉर्सपॉवर, 32.5 नॉट. पूर्ण भरलेल्या वजनाला सॉफ्टवेअरने 31 च्या थोडं वर दाखवलं, आणि तेलपाणी, दारूगोळा सगळा भरल्यावर तेवढं कमी होणारच. तेव्हा विश्वास बसला, आणि तेव्हापासून दिल्लीची फाइल माझी मापपट्टी झाली.

आता अपडेटचं. ते आल्यावर सहज दिल्ली उघडली तर 33 नॉट! मी कशालाच हात लावलेला नव्हता. मग माझी क्रूझर उघडली, ती 38 वरून 40.6 वर गेलेली. एक संध्याकाळ आनंदात गेली, खरं सांगतो, स्क्रीनशॉट पण मित्रांना पाठवले. रात्री वजनाचा तक्ता नीट बघितला तेव्हा कळलं की वेग आता हलक्या वजनावर काढतायत, इंधन जवळपास नाही, दारूगोळा नाही. आधी पूर्ण भरलेल्या वजनावर काढायचे. आणि हे कुठेही लिहिलेलं नाही, बदलायला बटण नाही! मेल टाकला. नऊ दिवसांनी उत्तर आलं की हा सुधारलेला हिशेब आहे आणि दोन्ही आकडे शेजारी हवे असतील तर वरचा प्लॅन घ्या. पैसे भरून घेतलेली गोष्ट काढून घ्यायची आणि परत तीच विकायची, याचा मला मनापासून राग आला.

राग नुसता पैशांचा नाही. हलक्या वजनावरचा हा एक आकडा त्या काळातली सगळ्यात मोठी फसवणूक होता. युद्धनौकांच्या वजनावर मर्यादा घालणाऱ्या वॉशिंग्टन करारातलं स्टँडर्ड टनेज (ठरवून दिलेलं वजन) तर इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी सोडूनच मोजायचे. आणि चाचणीत जुस्सानो क्लासचीच दा बार्बियानो हलक्या वजनात इंजिनं ताणून 42 नॉटवर गेली, त्याचा केवढा गाजावाजा झाला. प्रत्यक्ष नोकरीत या जहाजांना त्याच्या जवळपासही जाता येत नव्हतं. 19 जुलै 1940 ला क्रीटजवळ केप स्पाडाला याच क्लासची कोलेओनी ऑस्ट्रेलियाच्या सिडनी नावाच्या क्रूझरच्या तावडीत सापडली. सिडनी म्हणजे सुधारित लिअँडर, आपल्या दिल्लीची चुलत बहीण, कागदावर 32.5 नॉटचीच! कोलेओनीचा बाजूचा चिलखती पट्टा 24 मिमीचा, गोळे आत शिरले, जहाज जागच्या जागी थांबलं, आणि मग डिस्ट्रॉयरांच्या टॉर्पेडोंनी बुडवलं. हे वाचलं त्या दिवशी मी 40 चा हट्ट सोडला.

तरी एक गोष्ट इथे लिहायलाच हवी, नाहीतर अन्याय होईल. स्थिरतेचा इशारा देणारा भाग अप्रतिम आहे. मी जहाजाच्या ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात) अजून एक फायर कंट्रोलचा, म्हणजे तोफांचा नेम धरायचा, मजला चढवला की लगेच लाल पट्टी, वजन फार वर गेलंय म्हणून. सुरुवातीला वैताग यायचा. मग जपानच्या तोमोझुरूबद्दल कळलं, 600 टनांच्या आत बसवायच्या नादात तोफा आणि टॉर्पेडो लादलेली छोटी बोट, मार्च 1934 मध्ये वादळात उलटली, शंभरच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी टायफूनमध्ये हात्सुयुकी आणि युगिरी या डिस्ट्रॉयरांचे पुढचे भागच तुटून गेले. त्यानंतर मी ती लाल पट्टी एकदाही बंद केली नाही.

आणि हलक्या वजनाचा आकडाही अगदीच निरुपयोगी नाही, हे मला मागच्या आठवड्यात मान्य करावं लागलं. जुन्या चाचण्यांच्या आकड्यांशी ताळा करायचा तर तोच लागतो, उलट पूर्ण वजनाचा घेतला तर ताळा चुकतो. पण मग दोन्ही दाखवा ना, शेजारी शेजारी, एकाच पैशांत.

सध्या जुनं व्हर्जन परत टाकलंय, ऑटो अपडेट बंद. आठ महिने घासून माझी क्रूझर आता 7,300 टन, 60 मिमीचा पट्टा, 1,05,000 हॉर्सपॉवर, हिशेबाचा वेग 37 च्या खाली जरासा अशी बसलीय. नंतर मोंतेकुक्कोलीचे आकडे बघितले, 1931 ला बांधायला घेतलेली, इटालियनांचीच पुढची आवृत्ती: 106,000 हॉर्सपॉवर, 37 नॉट, 60 मिमी. बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

पाचपैकी तीन. फुकटवाल्यावर सुरू करा, आणि पैसे भरण्याआधी तुमच्या माहितीतलं एक खरं जहाज टाकून वेग लिहून ठेवा, कागदावर, तारखेसकट.