एएफडीडी घरी लावलं: गिझरच्या लाइनवर पैसे वसूल, बाकी घरासाठी जरा थांबा

एएफडीडी म्हणजे आर्क फॉल्ट डिटेक्शन डिव्हाइस. डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मेन स्विचच्या पेटीत, एमसीबीच्या (जास्त लोड आला की पडणाऱ्या स्विचच्या) रांगेतच बसतं, दिसायलाही एमसीबीचा भाऊ, फक्त तोंडावर एक छोटी एलईडी आणि टेस्टचं बटण. काम एकच, वायरिंगमध्ये कुठे स्पार्किंग चालू असेल तर ते ओळखून लाइन ट्रिप करायची. पुण्यात पेठेतल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या फ्लॅटला मी ते गिझरच्या आणि किचनच्या पॉवर लाइनला लावलंय, पूर्ण पावसाळा त्यावर काढलाय, आणि आता चारचौघांना सांगण्याइतका अनुभव आलाय म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण मला जे सांगायचंय ते या प्रकारच्या सगळ्याच डिव्हाइसला लागू आहे.

आधी हा प्रश्न, कारण मलाही सगळ्यांनी हाच विचारला: घरात एमसीबी आहे, आरसीसीबी आहे, मग हे तिसरं कशाला? तर बघा. एमसीबी बघतो की करंट जास्त वाहतोय का. आरसीसीबी बघतो की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतोय का, का मधेच कुठे अर्थला किंवा माणसाच्या अंगातून जातोय. आता समजा गिझरच्या सॉकेटमागचा स्क्रू ढिला झाला आणि तिथे वायर नि टर्मिनलच्या मधे बारीक बारीक ठिणग्या पडायला लागल्या. करंट वाढला का? नाही, उलट थोडा कमी झाला. लिकेज झालं का? तेही नाही, जेवढा गेला तेवढाच परत आला. म्हणजे दोघांच्याही लेखी सगळं आलबेल. आणि तिकडे दोन किलोवॅटचा गिझर साडेआठ-नऊ अँपिअर खेचतोय, त्या ठिणगीवर समजा वीस-पंचवीस व्होल्ट पडतायत, गुणाकार केला तर दोनशे वॅटच्या आसपास उष्णता टिचभर जागेत, प्लास्टिकच्या पेटीत, भिंतीच्या आत. पीव्हीसी आधी मऊ पडतं, मग काळं पडतं, आणि एकदा का ते जळून त्याचा कार्बन झाला की त्या कार्बनमधूनच करंटला वाट मिळते नि आर्क टिकून राहतो. पेपरात "शॉर्ट सर्किटमुळे आग" असं जे सरसकट छापून येतं ना, त्यातल्या कितीतरी आगींची सुरुवात अशा ढिल्या कनेक्शननं होत असणार असं माझं मत आहे, शॉर्ट हा त्यातला शेवटचा अंक असतो.

हा झाला सिरीज आर्क. दुसरा पॅरलल, म्हणजे फेज आणि न्यूट्रलच्या मधलं इन्सुलेशन खराब होऊन दोन वायरींच्या मधे होणारा. तिथे करंट बराच असतो, पण तुटक तुटक. सोळा अँपिअरचा सी कर्व्ह प्रकारचा एमसीबी लगेच पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. लांबलेल्या जुन्या वायरीच्या टोकाला, किंवा कपाटाखाली चेंगरलेल्या एक्स्टेन्शन बोर्डमध्ये, तेवढा करंट सलग मिळेलच असं नाही, आणि मग एमसीबी विचार करत बसतो.

एएफडीडी हे ओळखतं कसं, तर करंट किती यापेक्षा करंटचा चेहरा कसा दिसतो ते बघतं. आपली एसी सप्लाय सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, त्या प्रत्येक वेळी आर्क विझतो आणि पुन्हा पेटतो, त्यामुळे करंटच्या लाटेत शून्याजवळ सपाट जागा दिसते. शिवाय आर्क म्हणजे रेडिओवर खरखर येते तसा हाय फ्रिक्वेन्सी गोंगाट. आतला मायक्रोकंट्रोलर या दोन्ही खुणा एकत्र पाहतो, सलग काही वेळ दिसल्या तरच ट्रिप करतो. या डिव्हाइसचं इंटरनॅशनल स्टॅंडर्ड आहे आयईसी ६२६०६, २०१३ सालचं. त्यात २३० व्होल्टसाठी वेळा ठरवून दिल्यात: अडीच अँपिअरचा सिरीज आर्क असेल तर १ सेकंदात, ५ अँपिअरला अर्ध्या सेकंदात, १० अँपिअरला पाव सेकंदात लाइन तोडायची.

यातला अडीच अँपिअरचा आकडा नीट लक्षात घ्या, कारण दुकानदार हे सांगत नाही. अडीच अँपिअर म्हणजे साधारण पावणेसहाशे वॅट. त्याच्या खालच्या लोडवरचा आर्क पकडायची सक्तीच नाही. म्हणजे टीव्ही, फ्रिज, ट्यूबलाइट, मोबाइलचे चार्जर, देवघरातली दिव्यांची माळ, यांच्या लाइनवर एवढा महाग पीस लावून सिरीज आर्कपुरता फारसा फायदा नाही. गिझर, इस्त्री, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, एसी, ही याची खरी गिऱ्हाइकं. म्हणूनच मी दोनच लाइनला लावलं.

खरेदीचं सांगतो. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रिकल बाजारात, फिरलो. बहुतेक काउंटरवर "साहेब, असं काही नसतं, आरसीसीबी घ्या ना, तेच आहे" असं उत्तर मिळालं, एकानं तर आत्मविश्वासानं आरसीबीओच (एमसीबी आणि आरसीसीबी एकाच पीसमध्ये) काढून हातात दिला. शेवटी एका दुकानदारानं कॅटलॉग काढून ऑर्डर घेतली, पूर्ण ॲडव्हान्स घेतला, आणि माल यायला इतका वेळ लावला की मी नाद सोडला होता. किंमत दुकानागणिक बदलते म्हणून आकडा टाकत नाही, पण साध्या एमसीबीच्या कित्येक पट आहे हे धरून चाला, घरी ऐकून भुवया उंचावल्याच. ऑनलाइन घेणाऱ्यांनी एवढंच बघा की बॉडीवर आयईसी ६२६०६ छापलंय का, कारण आर्क बिर्क शब्द टाकून काहीही विकतात. आणि अमेरिकेतून कोणाकडून मागवू नका. तिकडचे एएफसीआय, म्हणजे याच प्रकारची तिकडची डिव्हाइसं, १२० व्होल्ट ६० हर्ट्झवाले, आपल्या डीबीत त्यांचं काही काम नाही. तिकडे हे प्रकरण जुनं आहे, १९९९ च्या त्यांच्या इलेक्ट्रिकल कोडमध्ये आलं आणि २००२ च्या जानेवारीपासून नवीन घरांच्या बेडरूमला कंपल्सरी झालं. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ त्याच्या नावानं बोटं मोडतो, व्हॅक्युम क्लीनर लावला की पडतं म्हणे. इंग्लंडमध्ये २०२२ पासून उंच रहिवासी इमारती, विद्यार्थ्यांची होस्टेलं, वृद्धाश्रम अशा ठिकाणी सॉकेटच्या लाइनला लावावंच लागतं.

आता फिटिंग, आणि खरी गंमत इथे आहे. माझं डिव्हाइस वन पोल प्लस न्यूट्रल आहे, म्हणजे त्या लाइनची फेज आणि त्याच लाइनची न्यूट्रल, दोन्ही त्यातून जायला हव्यात. नवीन घरात हे दहा मिनिटांचं काम. आमच्याकडे डीबी उघडला तर सगळ्या न्यूट्रल एकाच लिंकवर, म्हणजे जोडायच्या पट्टीवर, झुंबड करून बसलेल्या, कुठली कुणाची काही पत्ता नाही, आणि किचनच्या एका सॉकेटनं तर न्यूट्रल चक्क हॉलच्या लाइनकडून उसनी घेतलेली. जुन्या घरात हे सर्रास असतं, कुणीतरी कधीतरी पॉइंट वाढवला, जवळ जी न्यूट्रल दिसली तिला जोडली, मोकळा. अशा लाइनवर हे डिव्हाइस लावलं तर घोळ होणारच. आमचे वायरमन काका आधी वैतागले, "हे कंपनीवाले एसीत बसून डिझाइन करतात," म्हणाले, पण मग बेल टेस्टर घेऊन एकेक न्यूट्रल शोधत बसले, प्रत्येकीला नंबराची स्लीव्ह घातली, थिंबल मारली, उसनवारी मोडली. मग मेगर मारला, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन वायरींचं इन्सुलेशन तपासलं. मेगर मारायच्या आधी एएफडीडी काढून ठेवायचं बरं का, आत इलेक्ट्रॉनिक्स आहे. काकांची मजुरी आणि नवीन वायर मिळून खर्च डिव्हाइसच्या किमतीच्या वर गेला, आणि तरीही मी म्हणेन की घराला खरा फायदा याच कामाचा झाला. हे काम तुम्ही डिव्हाइस न घेताही करून घेऊ शकता, आणि घ्याच.

मग एके सकाळी गिझर लावला आणि लाइन ट्रिप. परत चढवली, पाणी तापायला लागलं, परत ट्रिप. एलईडी सिरीज आर्कचा कोड दाखवत होती. काकांचं निदान ठरलेलं, "पीस खराब आहे, परत करा." मी म्हटलं काका, आधी सॉकेट उघडू. पुढून सॉकेट एकदम चकाचक, कुठे डाग नाही. मागून मात्र न्यूट्रलच्या टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक चहासारखं तपकिरी झालेलं, स्क्रू बोटानं फिरत होता, तांबं काळपट, आणि वायरीवरचं इन्सुलेशन हात लावला तर पापडासारखं तुटून खाली पडलं. वास घेतला तर तो माशासारखा जळका वास, जो आम्हाला बाथरूमच्या बाहेर अधूनमधून यायचा आणि आम्ही ड्रेनेजच्या नावावर खपवायचो. याच लाइनवर आरसीसीबी आहे, त्याचं टेस्ट बटण मी नेमानं दाबतो, तो व्यवस्थित पडतो, आणि या सगळ्या काळात तो हूं की चूं करत नव्हता. त्यात त्याचा दोष नाही, त्याला हे दिसणारच नव्हतं. सॉकेट बदललं, वायर मागे कापून नवीन टोक काढलं, स्क्रू घट्ट केले, त्यानंतर गिझरवर एकदाही ट्रिप नाही.

पण हेही तितकंच खरं की कनेक्शन नुसतं गरम होऊन धुमसत असेल, ठिणगी न पडता, तर एएफडीडीला ते कळत नाही. त्याला आर्कचा गोंगाट लागतो. म्हणजे आमचं ते सॉकेट आधी किती दिवस नुसतं तापत होतं कोण जाणे. तेव्हा डिव्हाइस लावलं म्हणून सॉकेटला हात लावून गरम लागतंय का बघायचं सोडू नका.

उगाच ट्रिप होण्याबद्दल. मिक्सरला घाबरत होतो, कारण त्याच्या मोटरला कार्बन ब्रश असतात आणि ते तर ठिणग्या उडवतातच. पण चटणी, इडलीचं पीठ, सगळं वाटून झालं, काही त्रास नाही. स्टॅंडर्डमध्येच अशा लोडवर टेस्ट करायला सांगितलंय, व्हॅक्युम क्लीनर, डिमर, हॅंड ड्रिल वगैरे. फक्त शेजारच्यांचं एक म्हातारं ड्रिल मशीन लावलं तेव्हा पडलं, ते मशीन लावलं की व्हेंटमधून निळा उजेड दिसतो, ब्रश पार झिजलेत, त्यामुळे डिव्हाइसला मी दोष देणार नाही. इन्व्हर्टरच्या लाइनवर मात्र मी मुद्दाम लावलेलं नाही. आमचा इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हवाला आहे, त्याच्या लाटेचा चेहराच वाकडा, तिथे लावायचं असेल तर आधी कंपनीला विचारा. आणि गच्चीवर सोलर असलेल्यांनो, पॅनेलच्या बाजूला हे चालत नाही. तिकडे डीसी, शून्यावर जायचा प्रश्नच नाही, आर्क एकदा लागला की विझायचं नाव घेत नाही. सोलर इन्व्हर्टरमध्येच डीसी आर्क पकडायची सोय आहे का ते घेताना विचारा.

एक जास्तीची गोष्ट माझ्या मॉडेलमध्ये आहे, व्होल्टेज २७५ च्या वर गेलं तर तेही लाइन तोडतं. बाहेरची न्यूट्रल तुटून घरातले टीव्ही-फ्रिज उडालेले ज्यांनी बघितलेत त्यांना याची किंमत कळेल.

तर घ्यावं का? घरात अजून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर आधी तो, कारण शॉकपासून वाचवणारा तोच आहे आणि एएफडीडी त्याच्या जागी चालत नाही. आरसीसीबी आहे, अर्थिंग नीट आहे, आणि घर जुनं आहे, लाकूडकाम जास्त आहे, किंवा म्हातारी माणसं दिवसभर एकटी असतात, तर जड लोडच्या एक-दोन लाइनला जरूर लावा. नवीन फ्लॅट, नवीन वायरिंग, तर मी एवढी घाई करणार नाही. डिव्हाइसला पाचपैकी चार. ऑर्डर घेणाऱ्या दुकानाला दोन, तेही माल खरा निघाला म्हणून. डिव्हाइसचा एक मार्क कापलाय तो सोबतच्या माहितीच्या कागदासाठी. एलईडी कुठल्या रंगात किती वेळा लुकलुकली म्हणजे कुठला फॉल्ट, हे मुंगीएवढ्या अक्षरात चार परदेशी भाषांमध्ये छापलंय, इथे विकताय तर हिंदी-मराठीत एक स्टिकर द्यायला काय जातं. शेवटी मीच मोठ्या अक्षरात तक्ता लिहून डीबीच्या दाराला आतून चिकटवलाय, खाली काकांचा फोन नंबर.