जुनी पोलो जीटी चकचकीत करायची आहे: वॅक्स, सिरॅमिक, पीपीएफ की रॅप?

दोन दारांची, लांब बोनेटची अस्सल स्पोर्ट्‌स कार आपल्यापैकी फार थोड्यांच्या खिशाला झेपते. पुण्या-मुंबईत जुन्या बाजारातून हौसेने उचलली जाते ती बहुतेक वेळा चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय. 2020 पर्यंतच्या गाड्यांत 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. 2013 साली आली आणि 2022 मध्ये पोलोचं उत्पादनच थांबलं, त्यामुळे मिळेल ती गाडी बरेच पावसाळे बघितलेली असणार. एक गोष्ट आधीच सांगतो: ड्राय क्लचचा तो डीएसजी कधी खर्चात पाडेल याचा नेम नसतो. त्याचे पैसे बाजूला काढल्यावर जे उरेल, त्यातच नटवानटवी करा.

आता रंगाकडे. कंपनीतून येतो तो रंग सगळे थर मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट जेमतेम 35 ते 50 मायक्रॉन. ऊन अडवण्याचं काम तोच करतो आणि रबिंग-पॉलिशमध्ये झिजतोही तोच. जुन्या गाडीला आधीच्या मालकाने किती वेळा रबिंग मारून घेतलं हे कोणी सांगत नाही. म्हणून पेंट गेज (रंगाची जाडी मोजणारं यंत्र) हाताशी असलेला माणूस गाठा आणि प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी मोजून घ्या. आकडा 200 च्या वर गेला की तो भाग पुन्हा रंगवलेला आहे असं समजा. हजारात गेला तर खाली पुट्टी आहे. 80 च्या आसपास आला तर तिथे मशीन लावूच नका. प्लॅस्टिकच्या बंपरवर हा साधा गेज चालत नाही, तिथे डोळ्यांवरच भागवावं लागतं.

पण वॅक्स, सिरॅमिक कोटिंग, पीपीएफ (रंगावर लावायची पारदर्शक संरक्षक फिल्म) आणि रॅप (रंग बदलणारी फिल्म) या चारातलं काय निवडायचं हे माझ्या मते या आकड्यांवर कमी आणि रोज सकाळी गाडी कोण पुसतं यावर जास्त ठरतं. सोसायटीत एक बादली आणि एक फडकं घेऊन वीस गाड्या पुसल्या जातात. तुमच्या गाडीची पाळी येईपर्यंत त्या फडक्यात आधीच्या गाड्यांची रेती असते. उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल ओरखडे दिसतात ते तिथले. पुसणाऱ्याचा यात काही दोष नाही, त्याला पगार वेळेत वीस गाड्या उरकण्याचा मिळतो. त्याला महिन्याचे पैसे द्या, पण काचा, चाकं आणि आतली सफाई एवढंच सांगा.

हे जमणार नसेल तर सिरॅमिक कोटिंगवर पैसे घालू नका. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 9एच लिहिलेलं असतं, पण ते पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाचं माप आहे. थर जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. तो दगडाचा टवका अडवत नाही आणि रेतीच्या फडक्यापुढेही फार टिकत नाही. त्याचा खरा फायदा असा की चिखल, पक्ष्यांची घाण चिकटून बसत नाही आणि गाडी पटकन धुऊन होते. बोअरचं पाणी वापरत असाल तर तोही फायदा अर्धाच, कारण थेंब छान गोल उभे राहतात आणि उन्हात वाळून क्षारांचे पांढरे डाग सोडतात. धुतल्यावर लगेच पुसणं आलंच.

घरी लावता येतं का? येतं, पण पावसाळ्यात नको. आधी शॅम्पू, मग आयर्न रिमूव्हर (ब्रेकची लोखंडी पूड विरघळताना जांभळे ओघळ येतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, घाबरू नका), मग क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी). हातातून जमिनीवर पडलेला क्ले सरळ फेकून द्यायचा. त्यानंतर ड्युअल अ‍ॅक्शन मशीनने हलकं पॉलिश; जुन्या पद्धतीचं रोटरी मशीन नवख्याच्या हातात कडेचा रंग बघता बघता उडवतं. शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने तेलकटपणा काढून दोन-दोन फुटांचा भाग घेत कोटिंग लावायचं. इंद्रधनुषी झाक आली की पुसायचं. पुसायला उशीर झाला तर तिथे गडद चट्टा घट्ट बसतो आणि तो पुन्हा पॉलिश करूनच जातो. त्यानंतर निदान चोवीस तास पाण्याचा थेंब नको. बंद पार्किंग नसेल तर इथेच अडतं.

वॅक्स किंवा सिंथेटिक सीलंटमध्ये ही सगळी धास्ती नाही. चुकलं तर पुसून पुन्हा लावा. कार्नोबा वॅक्सची झाक गडद रंगावर खरंच देखणी दिसते, पण आपल्याकडच्या उन्हा-पावसात ती काही आठवड्यांची पाहुणी. स्प्रे सीलंट थोडे महिने निघतात. उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल आणि दर दोन-तीन महिन्यांनी रविवारची सकाळ देण्याची तयारी असेल, तर मी डोळे झाकून सीलंट सांगेन. वाचलेले पैसे चांगल्या मायक्रोफायबर कापडांवर आणि दोन बादल्यांवर घाला: एक शॅम्पूची, एक मिट (गाडी धुवायचा हातमोजा) खंगाळायची.

पीपीएफ हा या चौघांतला एकमेव पर्याय जो दगड झेलतो. 150 ते 200 मायक्रॉन जाडीची टीपीयू (लवचिक पॉलियुरेथेन) फिल्म, आणि बारीक ओरखडे उन्हाच्या उबेने आपोआप भरून येतात. म्हणजे फडकंवाला थांबवता येत नसेल तर पैसे इथे घाला. पण पूर्ण गाडीचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो, आणि जुन्या पोलोवर तो मला पटत नाही. एक्सप्रेसवेवर रोज असाल तर बोनेट, पुढचं बंपर आणि आरसे एवढंच करून घ्या. स्वस्तात कोणी देत असेल तर टीपीयू आहे की टीपीएच हे विचारा. टीपीएच म्हणजे पीव्हीसीचाच भाऊ, लवकर पिवळा पडतो. फिल्म प्लॉटरवर (कापणी करणाऱ्या मशीनवर) कापतात की गाडीवर ठेवून ब्लेडने, हेही बघा. ब्लेडची रेघ रंगात कायमची राहते. दाराच्या हँडलमागच्या वाट्या आणि मागच्या बंपरची वरची कड मात्र बेबी शॅम्पूचं पाणी आणि स्क्वीजी (पाणी ओढायची रबरी पट्टी) घेऊन घरी बिनधास्त करा.

रॅपचं आकर्षण रंग बदलण्याचं. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे पूर्ण गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओत नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. छताचा क्लिअर कोट सोलायला लागला असेल तर तो झाकायला रॅप लावू नका. काढताना गोंदाबरोबर उरलेला रंगही येतो. तिथे डेंटिंग-पेंटिंगवालाच हवा.

हेडलाइट पिवळे पडले असतील तर टूथपेस्टचा उपाय थोड्या दिवसांत उतरतो. 1000, 2000, 3000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत क्रमाने मारा आणि वर यूव्ही क्लिअर (ऊन अडवणारा पारदर्शक थर) द्या. ते दिलं नाही तर पुन्हा पिवळेपण आलंच. अलॉय चाकांना पावडर कोटिंग टिकतं पण भट्टी लागते; नुसती हौस असेल तर सोलून काढता येणारा रबरी रंग घरी मारता येतो.

आणि मागचं बंपर पॉलिश करताना नंबर प्लेट काढायच्या भानगडीत पडू नका. एचएसआरपीचं स्नॅप लॉक एकदा तोडलं की परत बसत नाही. प्लेटच्या कडेने मास्किंग टेप लावा आणि तिच्या आसपासची बोटभर जागा हातानेच घासा.