लहान आतड्यासाठी बेरियम का सीटी एन्टेरोग्राफी?

पोटात उजवीकडं खाली सारखं दुखतंय, वजन उतरलंय, आणि डॉक्टरांनी आतड्याचा टीबी किंवा क्रोन्स (आतड्याला सूज येऊन जखमा होणारा जुनाट आजार) आहे का बघू म्हटलंय, तर मिरजेत आल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो. मी दोन्ही करून झालोय म्हणून लिहितोय.

बेरियम म्हणजे एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध पिऊन काढायचे फोटो, आणि सीटी एन्टेरोग्राफी म्हणजे भरपूर पाणी पिऊन आतडं फुगवून केलेला सीटी स्कॅन. बेरियम स्वस्त, शिरेत सुई नाही. गिळायला त्रास असेल तर बेरियम स्वॅलो अजूनही चांगलंच, घास उतरताना अन्ननलिका कशी चालते ते तिथं चालू चालू दिसतं. पण लहान आतड्याचं फॉलो थ्रू म्हणजे ते खडूच्या पाण्यासारखं प्यायचं आणि ते सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याची सुरुवात) पोचेस्तोवर थोड्या थोड्या वेळानं फोटो काढत बसायचं. माझं दुपार टळली तरी पोचलं नव्हतं, उपाशीपोटी. तेही चाललं असतं हो. खरा ताप पुढं झाला, फोटोत शेवटच्या भागात आतडं अरुंद दिसलं, डॉक्टर म्हणाले आता सीटी करू, तर सेंटरवाले म्हणतात पोटात बेरियम आहे, सीटीत ते चमकतं नि फोटो बिघडतो, सगळं निघून जाऊ दे मग या. आणि बेरियमनं संडास घट्ट होते, म्हणजे ते निघता निघेना, नुसतं पाणी पीत घरी बसायचं आणि दुखणं आहे तसंच. तिथंच माझं मन बेरियमवरनं उडालं.

सीटीतपण प्यायला लागतंच, मॅनिटॉलचं (साखरेसारखा एक पदार्थ) पाणी, साधारण दीड लिटर, पाऊण-एक तासात. नंतर बाथरूमच्या फेऱ्या होतात, लगेच लांबची एसटी धरू नका. शिरेतनं आयोडीनचं कॉन्ट्रास्ट (फोटोत भाग उठून दिसायला देतात ते औषध) गेलं की अंग गरम होतं, लघवी झाली की काय असं वाटतं, घाबरू नका. स्कॅन मात्र काही सेकंदांचा. बेरियममधे आतली पोकळी आणि अस्तर कळतं, सीटीत भिंतीची जाडी, बाजूच्या गाठी, पोटातलं पाणी सगळं एकदम. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी करून न्या, ॲलर्जी किंवा शुगरची मेटफॉर्मिन असेल तर सांगा.

रेडिएशन दोन्हीत आहे, सीटीत सहसा जास्त. पोरगं तरणं असेल आणि क्रोन्ससाठी परत परत बघायला लागणार असेल तर एमआर एन्टेरोग्राफीचं (एमआरआय मशीनवर आतड्याची तपासणी) विचारा, त्यात रेडिएशन नाही, पण अर्धा-पाऊण तास आत पडून मधे मधे श्वास रोखायला लागतो.

टीबी आणि क्रोन्स फोटोत सारखेच दिसू शकतात, त्यामुळं दुर्बिणीतनं तुकडा काढायला बहुतेक लागतोच. त्यासाठीसुद्धा मला वाटतं आधी सीटीच बरी, बेरियम आतड्यात राहिलं तर दुर्बीणही अडते. शेवटी तुमचे डॉक्टर सांगतील तसं, पण पैशाची थोडी ओढाताण झाली तरी एकदा त्यांना सीटीचं विचारून बघाच.