रोटरी इंजिनाचे रिबिल्ड किट : घरच्या पडवीत उघडलेल्या आरएक्स-7 चा अनुभव

मझदा या जपानी कंपनीच्या आरएक्स-7 या स्पोर्ट्स कारच्या दुसऱ्या पिढीतील 13बी रोटरी इंजिनासाठी सगळे सील, स्प्रिंगा, ओ-रिंगा आणि गॅस्केट एकाच खोक्यात देणारे रिबिल्ड किट मी गेल्या वर्षी परदेशातून मागवले आणि गोव्यातील मांद्रे येथील आमच्या घराच्या पडवीत स्वतःच्या हाताने बसवले. अशी किट अनेक विक्रेते विकतात आणि त्यांतील जिन्नस बरेचसे सारखेच असतात, म्हणून येथे विक्रेत्याविषयी न लिहिता किटाविषयी लिहितो. किट चांगले आहे. मात्र मी ते इंजिन उघडण्याआधीच विकत घेतले आणि त्या घाईपायी पुढचा सगळा हिशेब बिघडला.

गाडी 1988 सालची, उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची. काकांनी इंग्लंडमधील नोकरी संपवून परतताना ती आणली, हौसेने वापरली आणि नंतर गुडघे दुखू लागल्यावर झावळ्यांच्या मांडवाखाली उभी करून ठेवली. समुद्र जवळ असल्यामुळे पत्र्याला गंज चढणार हे दिसतच होते. पण इंजिनाच्या आत काय झाले असेल, याचा अंदाज मी सपशेल चुकवला.

ज्यांनी हे इंजिन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, यात पिस्टन नाही आणि व्हॉल्वही नाहीत. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत, म्हणजे हाउसिंगमध्ये, फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो, आणि त्याची एक फेरी होईपर्यंत मधला शाफ्ट तीन फेऱ्या पूर्ण करतो. 13बी मध्ये असे दोन रोटर असतात. प्रत्येकी 654 सीसी, मिळून 1308. पिस्टनच्या रिंगांचे काम येथे रोटरच्या तीन टोकांवर बसवलेल्या अ‍ॅपेक्स सीलना करावे लागते. थिवीच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या लेथवाल्याकडे मी रोटर घेऊन गेलो, त्याने तो दोन्ही हातांनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "बाब, हाचो पिस्टन खंय आसा?" हाच पिस्टन, असे सांगितल्यावर त्याने तो जरा अदबीने बाकावर ठेवला.

किट मागवण्यापूर्वी मी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाच्या आतला दाब, तपासले होते, पण ते साध्या गेजने. त्या गेजमधील एकमार्गी व्हॉल्व तिन्ही बाजूंपैकी सर्वांत जास्त दाब तेवढा धरून ठेवतो आणि उरलेल्या दोन बाजूंचे दुखणे झाकून टाकतो. तो व्हॉल्व काढून टाकला, इंजिन स्टार्टरवर फिरवले आणि काट्याकडे नीट पाहिले, की काटा एकसारखा उसळताना दिसतो. तीन उसळ्या म्हणजे रोटरच्या तीन बाजू. मझदाच्या मॅन्युअलप्रमाणे स्टार्टरवर मिनिटाला 250 फेऱ्या असताना दाब किमान 85 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) हवा. माझ्या पुढच्या रोटरच्या तिन्ही उसळ्या 80 च्या आसपास होत्या, तर मागच्या रोटरच्या 72, 70 आणि 48. हे वाचन मी किट घरी पोहोचल्यानंतर घेतले, हे कबूल करायला हवे.

आता किटाकडे वळतो. दोन रोटरांना मिळून सहा अ‍ॅपेक्स सील, कोपऱ्यांवरचे बारा कॉर्नर सील आणि सपाट बाजूंच्या कडांवरचे बारा साइड सील लागतात, आणि ते मोजून तेवढेच दिलेले होते. अ‍ॅपेक्स सील 2 मिलिमीटर जाडीचे, कडा स्वच्छ, मायक्रोमीटरवर एकमेकांशी जुळणारे. त्यांच्याविषयी तक्रारीला जागा नाही. या सीलांचे महत्त्व मझदाइतके कुणाला कळले नसेल : साठच्या दशकात त्यांच्या अभियंत्यांना हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे दिसू लागले, ज्यांना ते सैतानाची नखे म्हणत, आणि सीलाची घडण बदलून, शेवटी अ‍ॅल्युमिनियम भिनवलेल्या कार्बनचे सील वापरून त्यांनी 1967 ची कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आणली.

साइड सील मात्र तयार मापाचे येत नाहीत. ते थोडे लांब असतात आणि प्रत्येक सील त्याच्या खाचेत बसवून, कॉर्नर सील आणि त्याच्यामध्ये 0.05 ते 0.15 मिलिमीटर फट राहील इतका हाताने घासायचा असतो. सोनाराची बारीक कानस, फीलर गेज, दोनदा घासणे, एकदा मोजणे, पुन्हा दोनदा घासणे. पहिल्या सीलला पाऊण तास लागला, शेवटच्याला दहा मिनिटे. सातवा सील मात्र मी गप्पांच्या नादात जास्त घासला आणि फट 0.4 च्याही पुढे गेली, म्हणजे नवा सील बसण्याआधीच बाद झाला. किटात जादा एकही नव्हता. त्या एका काडीएवढ्या तुकड्यासाठी तीन आठवडे थांबावे लागले. ज्या भागाला हाताने मापात आणायचे आहे, त्याचे दोन-तीन नग जास्त देण्याची कल्पना विक्रेत्याला सुचू नये, याचा मला अजूनही राग आहे. सोबतच्या माहितीपत्रकातही या घासकामाला जेमतेम चार ओळी दिल्या आहेत.

खरा धक्का हाउसिंगच्या बाजू बंद करणाऱ्या बिडाच्या प्लेटींनी दिला. दुसऱ्या पिढीच्या इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, अडवणाऱ्या ओ-रिंगांच्या खाचा या प्लेटींमध्ये असतात आणि खाचेची भिंत अगदी पातळ असते. काका रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचे पाणी ओतत असत, आणि आमची विहीर मे महिन्यात मचूळ होते. मागच्या प्लेटीवरील खाचेची भिंत बोटभर लांबीत कुरतडल्यासारखी गेली होती. अशा खाचेत जगातील उत्तमोत्तम ओ-रिंग बसवली तरी पाणी ज्वलनकक्षात शिरणारच. मागच्या रोटर हाउसिंगच्या कडेला क्रोमचा थरही उडालेला निघाला. एका मेकॅनिकने हाउसिंग होनिंग (आतून घासून गुळगुळीत) करून घेऊ, असे सुचवले. परंतु साध्या सिलिंडरसारखे हे हाउसिंग घासून मोठ्या मापाला नेता येत नाही, घासले की क्रोमच निघून जाते. शेवटी जुनी पण सुस्थितीतील एक प्लेट आणि एक हाउसिंग ब्रिटनमधून मागवले. बिडाच्या वजनाचे विमानभाडे काय असते, ते तेव्हा कळले.

जोडणी पावसाळ्यात करू नये. मी जुलैमध्ये केली. संध्याकाळी पुसून ठेवलेल्या प्लेटींवर सकाळी तांबूस झाक आलेली असे, म्हणून तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळल्याशिवाय एकही भाग ठेवता येत नव्हता. ओ-रिंगा आणि सील जागच्या जागी राहावेत म्हणून व्हॅसलिन लावायचे असते. किटात ते नव्हते, औषधांच्या दुकानातील डबी पुरली. फ्लायव्हीलच्या 54 मिलिमीटरच्या नटासाठी लागणारा पाना म्हापशातील एका ट्रक मेकॅनिकने दोन दिवसांसाठी दिला.

सुधारणा म्हणून मी दोनच गोष्टी घेतल्या आणि दोन्ही पटल्या. मूळ रचनेत एक छोटा पंप इंजिनाचेच तेल सीलांच्या वंगणासाठी ज्वलनकक्षात सोडतो. अ‍ॅडॉप्टर बसवून तो आता वेगळ्या टाकीतील टू-स्ट्रोक तेल घेतो, जे जळताना राख कमी सोडते. दुसरी म्हणजे जाड अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर, कारण हे इंजिन तापले की आधी त्या ओ-रिंगांचा बळी जातो, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत गाडी अर्धा तास रेंगाळणार हे गृहीत धरावे लागते. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असल्यामुळे इंधनाचे सगळे जुने रबरी पाइपही बदलले. ती सुधारणा नव्हे, गरज होती. टर्बो बसवण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले, त्यांना चहा पाजला.

पहिल्यांदा इंजिन सुरू झाले तेव्हा व्हॅसलिन आणि जोडणीचे तेल जळून एवढा धूर झाला, की पंचायतीने डासांसाठी फवारणी सुरू केली असे समजून शेजारच्या वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या. दहा मिनिटांत धूर ओसरला. दीड हजार किलोमीटरनंतर पुन्हा गेज लावले, या वेळी सुरुवातीपासूनच व्हॉल्व काढून, आणि सहाही उसळ्या 98 ते 104 यांच्या दरम्यान आल्या.

हे किट मी पुन्हा घेईन. पण आधी इंजिन पूर्ण उघडून प्लेटी आणि हाउसिंग तपासेन, त्यांचा निकाल लागल्यावरच पैसे भरेन, आणि त्याच ऑर्डरीत तीन जादा साइड सील लिहीन. कूलंटच्या बाटलीवर पहिल्या दिवशी मी पेन्सिलने खूण केली होती. काका रोज सकाळी चष्मा लावून ती पाहायला जातात. पातळी अजून तिथेच आहे.